पन्ना ऑटोवरची मात्रा

एटापल्लीच्या बसस्टँडसमोर जेवढे ऑटो लागतात, त्यांत बिलालचा लांबूनच ओळखू यायचा. बाकीच्यांनी कुणी देवाचं, कुणी पोरीचं नाव लिहून घेतलं होतं. बिलालच्या ऑटोच्या पाठीवर हिरव्या रंगात, सोनेरी किनार देऊन लिहिलं होतं, 'पन्ना'. पन्ना म्हणजे पाचू. हे त्याचं लाडाचं नाव, आणि त्या नावाची गोष्ट तो न विचारता सांगायचा. गाडीत बसलेला माणूस दवाखान्यात जात असो की तहसिलीत, गोष्ट संपल्याशिवाय त्याला उतरायची सोय नव्हती.

गोष्ट अशी. बावन्न वर्षांपूर्वी बिलाल जन्मला तेव्हा सुईण होती बुधरीबाई, गावाबाहेरच्या टोल्यावरची माडिया बाई. तिनं पोराला हातात घेतलं आणि पहिला शब्द काढला, "पन्ना!" बिलालची आई खातून, चंद्रपूरची लेक, नवऱ्याच्या काकणांच्या धंद्यामागं या जंगलात आलेली. दोन दिवसांच्या कळांनी अर्धमेली पडली होती, पण तेवढा शब्द तिनं बरोबर टिपला. "म्हणजे पाहा," बिलाल सांगायचा, "कानात अजान पडाच्या आधी माह्या कानात हिरा पडला." पाचूचा हिरा कधी झाला, हे विचारायच्या आत दवाखाना येत असे.

आता खरं सांगायला हरकत नाही. बुधरीबाई 'पन्ना' म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती 'पन्ने'. आणि पन्ने म्हणजे गोंडीत बेडूक.

हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. नव्हतं ते एकट्या बिलालला. तुम्ही म्हणाल, जन्म एटापल्लीत गेला आणि गोंडी येत नाही? येते की. ऑटोपुरती येते. बस, सरक, उतर, कुठं जायचं. बेडूक काही ऑटोत बसत नाही. टोल्यावरच्या म्हाताऱ्या त्याच्या गाडीत बसल्या की पदर तोंडाशी नेऊन हसायच्या. बिलालला वाटायचं, बायका लाजतात.

आणि खुद्द बुधरीबाई! आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून तिची हाक यायची, "पन्ने!" हाक कसली, शिट्टीच. बिलाल गिऱ्हाईक अर्धवट सोडून धावायचा. तिची टोपली घ्यायचा, तिला गाडीत बसवायचा, टोल्यापर्यंत सोडून यायचा. इतकी वर्षं त्यानं तिला बाजारातून पायी परत जाऊ दिलं नाही. गल्लीतल्या कुणी तरी एकदा सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण चहावाल्या सुगंधाबाईनं अडवलं. "राहू द्या गा," ती म्हणाली, "इतकी जुनी गंमत गावात दुसरी नाई."

यंदा मोहफुलं वेचून झाली आणि बुधरीबाई गेली. आजारपण नाही, औषध नाही. दुपारी पेज प्याली, भिंतीला टेकली, तशीच राहिली.

बिलाल तीन दिवस नीट जेवला नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा हीच बाई काठी टेकत येऊन दिवसभर त्याच्या दारात बसली होती. चौथ्या दिवशी तो उठला आणि सुनिलच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. बसस्टँडवर मोठ्ठा फ्लेक्स लावायचा, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली आपलं नाव. त्याला तेवढंच सुचत होतं.

सुनिल त्याच टोल्यावरचा पोरगा. त्यानं फोटो बसवला आणि विचारलं, "वय किती टाकू, दादा?"

"शंभर टाक."

"आधारवर अडुसष्ट आहे."

"अन् तिच्या पोराचं? लालसूदादाचं?"

"सत्तर."

"म्हणजे पोरगा आईहून मोठा?"

"सरकारात मोठा आहे. घरी लहानच होता."

दोघांनी बराच वेळ डोकं खाजवलं. बुधरीबाई स्वतः वय सांगायची ते वर्षांत नाही. जंगलातल्या बांबूला चाळीसेक वर्षांतून एकदा फुलोरा येतो आणि सगळा बांबू वाळून जातो. तिनं तो दोनदा पाहिला होता. पहिल्यांदा आईबरोबर बांबूचं बी वेचताना, दुसऱ्यांदा नातू पाठीशी बांधून. शेवटी सुनिलनं तेच टाइप केलं. वय : बांबूचे दोन फुलोरे.

मग 'शोकाकुल'. सुनिलनं लिहिलं, बिलाल हाफिज शेख, आणि पुढं कंसात 'पन्ने'.

"काना दे बे," बिलाल म्हणाला. "मात्रा काऊन देऊन राह्यला?"

"आजी पन्नेच म्हणे ना, दादा."

"तिची जीभ तशी वळे. माहं नाव पन्ना आहे. पाचू."

सुनिल हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण पोरगाच तो. "पाचू? पन्ने म्हणजे बेडूक, दादा. तुमाले... मालूम नव्हतं?"

बिलालनं बाहेर पाहिलं. दुकानाच्या काचेतून त्याला रस्त्यावर उभा असलेला आपला ऑटो दिसत होता. हिरवागार. रंगसुद्धा त्यानं स्वतः निवडला होता.

फ्लेक्स तसाच राहिला. बिलालनं ऑटो घरी आणला, वरून ताडपत्री टाकली, चार ठिकाणी दोरी बांधली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

दोन दिवसांनी सुगंधाबाई चहाची किटली घेऊन आली. "काऊन गा बिलाल, गाडी बिमार आहे का?"

"तुमाले मालूम होतं?"

"काय?"

"बेडूक."

सुगंधाबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थोडं थोडं मालूम होतं."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे बेडूक मालूम होता. बाकी काई नाई."

बिलाल उठून बसला. "बावन्न साल! बावन्न साल हसून राह्यले माह्यावर. तुमी हसल्या, चालते. तुमचं कामच ते. पण ती बी? तिले मी मायसारखी गाडीत बसवो, अन् ती भर बाजारात मले बेडूक म्हणे?"

सुगंधाबाईनं चहा ओतला आणि लालसूचा निरोप सांगितला. बुधवारी बुधरीबाईचा दगड उभा करायचा होता. माडिया लोक आपल्या गेलेल्या माणसासाठी एक उंच दगड जमिनीत रोवतात, त्याच्या वाडवडलांच्या दगडांशेजारी. ती रीत जुनीच. पण लालसूच्या डोक्यात या खेपेला काही वेगळंच आलं होतं. आईच्या हातून जी जी जन्मली, त्या सगळ्यांनी यावं, आणि आईनं ठेवलेलं नाव दगडासमोर मोठ्यानं सांगावं. ती गेली, आता त्या नावांनी हाक मारणारं कुणी नाही, तर निदान एकदा ती नावं तिथं उच्चारली जावीत.

"मी येत नाई," बिलाल म्हणाला. "दोनशे लोकांसमोर उभा राहून म्हनू का, मी बेडूक?"

"नको येऊ. मले तं नेऊन देशील? माह्या दोन्ही पोरी तिच्याच हातच्या. अन् माहे गुडघे पाहा."

त्या गुडघ्यांनी सुगंधाबाई आदल्याच दिवशी पाण्याच्या टाकीवर चढून वाळवण घालून आली होती. पण बिलालला ते कसं कळणार, तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

बुधवारी त्यानं ताडपत्री काढली. सुगंधाबाईला टोल्याबाहेर मोहाच्या झाडाखाली उतरवलं आणि आपण गाडीतच बसून राहिला, हँडल दोन्ही हातांनी धरून. उतरायचं नाही, असं ठरवूनच आला होता. पण डोळे काही हँडलला बांधून ठेवता येत नाहीत.

काळा, पुरुषभर उंचीचा दगड माणसांनी बांबूंवरून वाहून आणला आणि खड्ड्यात उभा केला. माती दाबली. ढोल थांबला. मग लालसूनं हात वर केला.

पहिले पुढं आले लटारू गुरुजी, शाळेत ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं पोरं गप्प होतात ते. दगडाला हात लावून म्हणाले, "मलोल." ससा. लालसूनं खुलासा केला, जन्मले तेव्हा यांचे कान तेवढे दिसत होते, बाकी गुरुजी नंतर वाढले. लोक हसले. गुरुजीही हसले, ही बातमी दोन दिवस गावात पुरली.

मग आले सरपंच. कडक इस्तरीचा पांढरा सदरा, गळ्यात गमछा. बिलालनं मान लांब केली. सरपंच दगडासमोर उभे राहिले, छाती फुगवली आणि म्हणाले, "पद्दी!"

पद्दी म्हणजे डुक्कर. एवढी गोंडी बिलालला येत होती. डुक्कर ऑटोला आडवं येतं.

"जन्मल्या जन्मल्या जे दुधाले लागले," लालसू म्हणाला, "माह्या मायले वाटलं, बाळंतीण जिती राहते की नाई." सगळा टोला खदखदला. सरपंच हसता हसता गमछा डोळ्यांना लावून बाजूला झाले. नाव सांगताना त्यांचा आवाज मात्र एकदाही कापला नव्हता.

आणि तेवढ्यात लालसूनं मोहाच्या झाडाकडं पाहिलं. तोंडाजवळ हात नेला आणि हाक मारली, "पन्ने!"

तीच हाक. तीच शिट्टी. आईचा गळा मुलाच्या गळ्यात जसाच्या तसा. बिलालनं उतरायचं नाही असं ठरवलं होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. बावन्न वर्षांच्या सवयीचे पाय ते, हाक आली की निघायचे. भान आलं तेव्हा तो दगडासमोर उभा होता. सगळे त्याच्याकडं पाहत होते. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"बेडूकच काऊन, लालसूदादा?"

लालसू क्षणभर गोंधळला. "तुले कोणी सांगतलंच नाई?"

"नाई."

मग सत्तरीचा लालसू त्याच्याजवळ आला. "तुही माय दोन दिस अडली होती. मी मायसोबत आलो होतो, पाणी तपवत होतो. पोरगा आला तं निळा. आवाज नाई, श्वास नाई. घरच्यांनी वरून कापड टाकलं. तुहा बाप बाहेर जाऊन बसला. माह्या मायनं कापड काढून फेकलं. मोहाच्या टोळीचं तेल घेतलं अन् चोळत राह्यली. छातीले, पाठीले. तोंडात फुंकर घाले, पुन्हा चोळे. सारे म्हणत, सोड बुधरी, आता सोड. ती ऐकेच ना. मंग तुहा एक पाय असा मुडपला, अन् झटक्यानं लांब झाला. मंग दुसरा. पाण्यात पाय मारते ना, तसा. माय ओरडली, पन्ने! पन्ने! पोरगा जिता आहे, असं तिनं नाई सांगतलं कोणाले. पन्ने म्हणून सांगतलं. तुहा बाप तेवढ्यावरून पळत आत आला."

ही गोष्ट टोल्यावरच्याही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हती. सुगंधाबाईलाही नव्हती. तिला खरोखर फक्त बेडूकच मालूम होता.

"अन् माही माय?" बिलालनं विचारलं. "ती तं पन्नाच समजे."

"खातूनबाई? वर्षभरातच मालूम झालं तिले. तिनं मायले सांगतलं, त्याले सांगू नको, पन्ना ऐकलं की पोरगा खूश होते. दोघी भेटल्या की त्याच्यावरच हसत. तुहा ऑटो आला तवा तं खातूनबाई खास माह्या मायकडं आली सांगाले, की बेडकानं स्वतःले हिरवा रंग मारला."

बिलालला ती दुपार आठवली. नवा ऑटो दारात उभा, आई आणि बुधरीबाई ओट्यावर बसलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसताहेत. त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्या आनंदानं वेड्या झाल्या. तसं ते चुकीचंही नव्हतं.

त्यानं दगडाला तळवा लावला. उन्हानं दगड तापला होता, पण हात काढला नाही.

"पन्ने," तो म्हणाला. मग कुणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा, बसस्टँडवर गिऱ्हाईकाला हाक मारतात तसं, सगळ्या टोल्याला ऐकू जाईल असं, "पन्ने!"

या खेपेला कुणी हसलं नाही. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ धरली, मनातल्या मनात फातिहा म्हटली, ओंजळ तोंडावरून फिरवली. शेजारी लालसू मोहाची दारू दगडाला वाहत होता. बुधरीबाईला दोन्ही पोचलं असणार. ती घरोघरी जे मिळेल ते खाऊन यायची.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. बुधरीबाई, वय : बांबूचे दोन फुलोरे. शोकाकुल : पन्ने, मलोल, पद्दी व समस्त परिवार. बाहेरगावचे लोक बसमधून उतरले की अजून विचारतात, ही कुठली आडनावं?

ऑटोचं काम बिलालनं स्वतः केलं. कानशीनं काना खरवडला, हिरवा डबा आणला आणि वर मात्रा दिली. हात पेंटरचा नाही, त्यामुळे मात्रा जरा तिरपी झाली आहे, उडी मारायच्या बेतात असल्यासारखी. आता गाडीत बसणाऱ्याला नवी गोष्ट ऐकावी लागते. ही जुन्यापेक्षा लांब आहे. दवाखान्याच्या दारात गाडी थांबवून तो ती पुरी करतो.

पंचाईत झाली ती गल्लीची. बावन्न वर्षं पुरलेली गंमत एका दिवसात संपली, आणि चिडवायचं तर आता कशानं? आषाढात सुगंधाबाईच्या हॉटेलामागची नाली भरली आणि सांजच्याला बेडकांनी रान उठवलं, तेव्हा तिनं सवयीनं एक प्रयत्न करून पाहिला.

"काय गा बिलाल, तुले बोलावून राह्यले."

बिलालनं बशीतला चहा संपवला आणि नालीकडं तोंड करून ओरडला, "आलो म्हना!"