खालची ओळ

घडीवाले चाचा कोणतंही पोस्टर खालून वर वाचत. अकोल्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. अमरावतीच्या संगीत महोत्सवाचं पोस्टर लागलं, की कामाचं भिंग डोळ्याला लावून ते सगळ्यात खालच्या ओळीतली मुंगीएवढी नावं शोधून काढत. "मोठ्या अक्षरायले कोनीबी आयकते, मास्तर. या बारक्यायले कोन आयकन?"

मास्तर म्हणजे मी. शाळा सुटली की त्यांच्या स्टुलावर जाऊन बसायचो. महोत्सवाला महिनाभर अवकाश असायचा. तेवढ्यात कव्वाली, जाझ, भजन, रॅप, खालच्या ओळीत जे असेल ते मोबाइलवर ऐकून संपवायचं. जाझ मला कधी झेपलं नाही. मी तोंड वाकडं केलं की चाचा म्हणत, "तुले आवडलं नाही हा तुया कानाचा दोष. आनखी एकडाव लाव." आणि ज्याला आधी ऐकलं नाही, त्याच्यासाठी टाळी वाजवायची नाही, हा त्यांचा कायदा. "वळखीबिगर टाळी वाजवनं म्हंजे भीक घालनं."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेलाय, उजवाही चाललाय. मोठ्या स्पीकरजवळ फिरकू नका. मुलानेही बजावलं. चाचा कुणाला जुमानतात? "कान मायाच हाय ना? मंग तो कुठी खर्चाचा ते मी ठरवीन." त्या महिन्यात उजवा कान मोबाइलला चिकटवून त्यांनी हिवरखेडच्या एका मुलीचं गाणं रोज ऐकलं. ती खंजिरी वाजवत वऱ्हाडीत रॅप करायची. चाचांची बोटं काउंटरवर ठेका धरायची.

महोत्सवात तिची वेळ होती दुपारी तीनची, रणरणत्या उन्हातल्या लहान मंचावर. खुर्च्या रिकाम्या. गळ्यात बिल्ला अडकवलेला एक जण म्हणाला, "ऐकायला माणूसच नाही, रद्द करू." मुलगी खंजिरी पिशवीत घालू लागली. चाचा उठले आणि थेट मंचाला जाऊन टेकले.

"मानूस नाही? मंग मी काय खुर्ची हावो?"

"चाचा, स्पीकर मोठा आहे, मागे बसा," मी म्हटलं.

"मांगं बसाले अकोल्याहून नाही आलो. बेटी, तू सुरू कर."

तिने सुरू केलं. चाचांच्या कानातली ऐकायची मशीन शिट्ट्या मारू लागली. त्यांनी ती काढून माझ्या हातात ठेवली. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. तरी तिच्या हाताकडे बघत त्यांची प्रत्येक टाळी ठेक्यावर पडत होती, आणि ती थांबायची तिथे तेही थांबत. गाणं महिनाभर ऐकून आधीच आत जाऊन बसलं होतं. मला रडू आलं. ते मी लपवत नाही. हा म्हातारा कशाला एवढ्या टाळ्या वाजवतोय, हे बघायला हळूहळू लोक जमले. तिने सगळी गाणी म्हटली.

थंडीत चाचा गेले. परवा यंदाचं पोस्टर लागलं. हिवरखेडच्या मुलीचं नाव वर, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं. ऊर भरून आला. पण चाचांच्या हिशेबाने ती आता मोठ्या अक्षरांतली, माझ्या कामाची राहिली नव्हती.

चष्मा पुसून मी खालच्या ओळीला भिडलो. पहिलंच नाव जाझवाल्याचं निघालं. दोनदा ऐकलं. नाही आवडलं. आणखी एकदा लावलं.