विहीणबाईंची साक्ष

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि मला कशाचंही हसू यायचं. त्यात आम्ही प्रॉटेस्टंट, नवरदेव कॅथलिक. म्हणजे हसायला घरबसल्या सोय झाली.

चहाच्या पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. लग्नाआधी मुलगा फादरकडे जाऊन पापांची कबुली देईल, असं त्याची आई सहज म्हणाली. आमचे पप्पा शाळेत हेडमास्तर, सभेत उपदेश करणारे. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"देव ऐकतो ना? मग मध्ये तिसरा माणूस कशाला?"

"दात दुखला तर देवालाच सांगता का हो? डॉक्टर लागतो की!" बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर पोरगा एकटीनं वाढवलेला, त्यामुळे हेडमास्तरांना घाबरायची त्यांना सवयच नव्हती.

मी पदरात तोंड खुपसून स्वयंपाकघरात पळाले. मम्मी म्हणाली, "खिदळायचं बंद कर, प्रकरण हाताबाहेर चाललंय." खरंच चाललं होतं. जिथं माणसं माणसापुढे गुडघे टेकून माफी मागतात, त्या चर्चमध्ये मी पाऊल ठेवणार नाही, असं पप्पांनी जाहीर केलं. ताईनं लहानपणापासून एकच हट्ट धरला होता: वेदीपर्यंत जाईन ती पप्पांचा हात धरून. ती म्हणाली, "पप्पा येणार नसतील तर मी लग्नच करणार नाही." आणि ताई बोलली की बोलली. ती रात्ररात्र रडायची. मला तिची फार दया यायची, आणि रडून लाल झालेलं तिचं नाक बघून हसूही यायचं.

लग्नाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. रीत म्हणून विहीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, चटईवर पुढेच बसल्या. गाणी झाली, प्रार्थना झाली, मग पप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?"

आमच्यात साक्ष म्हणजे उभं राहून, आपण कुठं चुकलो आणि प्रभूनं कसं सावरलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. शेजारचे काका उठले आणि त्यांनी विडी सोडली. ते प्रत्येक सभेत विडी सोडत. मग एक मावशी उठल्या. त्यांची साक्ष स्वतःच्या पापांपासून सुरू होऊन दोन वाक्यांत सुनेच्या पापांवर जायची, तशी ती गेली. सूनही तिथंच बसलेली. विहीणबाईंचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

"अगं बया," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "आमचं एकट्या फादरला कळतं, त्यो बी कुणाला सांगत न्हाई. तुमचं तर अख्ख्या गल्लीला!"

मी ओठ चावले. आणि मग माझं हसूच गेलं, कारण विहीणबाई उठल्या होत्या. प्रत्येकानं काहीतरी सांगायचंच असतं असा त्यांचा समज झाला असावा. त्या थेट पप्पांपुढे गेल्या, सवयीनं गुडघे टेकले, हात जोडले.

"फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. हे लग्न मोडावं म्हणून मी मरियामातेला मेणबत्त्या लावल्या. पोरगी लई ग्वाड हाय, पन बाप लई ताठ. आमच्या फादरला बी सांगायची लाज वाटली."

पप्पांना आयुष्यात कुणी फादर म्हटलं नव्हतं. ते पायजम्याला हात पुसत राहिले.

"उठा, विहीणबाई. झालं गेलं... माफ."

त्या उठेनात. "प्रायश्चित्त काय देता?"

"आमच्यात तसलं काही नसतं!"

"मंग मी न्हाई उठनार."

काकांनी नुकतीच सोडलेली विडी खिशात चाचपली. दारात ताई चहाचा ट्रे घेऊन पुतळ्यासारखी उभी. पप्पांनी विहीणबाईंकडे पाहिलं, मग ताईकडे. घसा खाकरला.

"लग्नात पहिल्या बाकावर बसायचं. माझ्या शेजारी."

ट्रे पडला. बशा फुटल्या, ताई हसत होती की रडत होती कळेना, मम्मीसुद्धा खिदळायला लागली आणि मला कुणीच रागावलं नाही.

लग्नाच्या दिवशी पप्पा ताईला घेऊन त्याच चर्चमध्ये ताठ मानेनं चालत गेले. हात सोडताना मात्र त्यांची मान ताठ राहिली नाही. मग ते येऊन पहिल्या बाकावर बसले.

"फिटलं का माझं?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"तुमचं फिटलं," पप्पा म्हणाले. मग ते त्यांच्याकडे झुकले. "माझं राहिलंय. हे लग्न मोडावं म्हणून मीही प्रार्थना करत होतो. देवाला केव्हाच सांगितलं, पण मन हलकं होईना."

विहीणबाईंनी त्यांचा हात थोपटला आणि ओठांवर बोट ठेवलं. उभ्या जन्मात त्या हे कुणाजवळ बोलल्या नाहीत. मी मागच्याच बाकावर बसले होते, म्हणून मला ठाऊक.