गप बसून ऐकणारे लोक

शेलूबाजारच्या चौकात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा बॅण्डवाला मित्र धम्मरत्न सकाळी तिथे येऊन बसायचा आणि बसला की उठायचं नाव नाही. बॅण्ड बंद पडल्यापासून त्याला दुसरं काम नव्हतं. डीजे आले आणि आमच्या भागातले बॅण्ड बसले. ज्यांनी घरच्या लग्नात डीजे आणला तीच माणसं आता 'जुनं ते सोनं' म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

धम्मरत्न तीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. लग्नात, भीमजयंतीला, पुढाऱ्यांच्या मिरवणुकीत. मालेगावपासून जऊळक्यापर्यंत त्याच्या ट्रम्पेटावर नाचला नाही असा नवरदेवाचा मित्र सापडायचा नाही. आणि त्याचं दुखणं नेमकं तेच होतं.

"शेषराव, लोकं माह्या बाज्यावर नाचले, चालले, जेवले, भांडले," तो म्हणायचा, "पन बसून कोनी आयकलं नाही. जिंदगीत एक डाव लोकं गप बसून आयकतीन अन् म्या वाजवीन. मंग मेलो तरी चालते."

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या मुलीचा, पिंकीचा, पुण्याहून फोन आला. ती तिथे कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये मागे जे संगीत वाजत असतं, ते ही कंपनी पन्नास-साठ वादकांकडून स्टेजवर वाजवून घेणार होती. मागे पडद्यावर गेम, पुढे व्हायोलिन, बासऱ्या, ट्रम्पेट. लोक तिकीट काढून येणार आणि अंधारात गप बसून ऐकणार. त्यांना एक ट्रम्पेटवाला कमी पडत होता. पिंकीनं बापाच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि ते पसंत पडलं.

तिनं धुना मोबाइलवर धाडल्या. धम्मरत्नला कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं. बॅण्डवाल्याला ते कोण शिकवतो? तो माझ्या दुकानात हेडफोन लावून बसायचा आणि दर धुनेला पिंकीला फोन करायचा. "हे कोन्या वक्ताचं हाय?" कारण बॅण्डमध्ये हळदीचं वेगळं, वरातीचं वेगळं, नवरी निघतानाचं वेगळं. पिंकी सांगायची, "बाबा, एक मानूस घोड्यावर एकटाच चाललाय. त्याचं गाव जळालं." तो म्हणायचा, "मंग नवरी निंगतानाचा दम लावा लागते." आणि वाजवायचा. खरं सांगतो, एकदा गिऱ्हाइकाचा उघडलेला मोबाइल हातात धरून मी रडलो.

स्टेजवर घालायचा काळा कोट तर त्यानं लगेच शिवायला टाकला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पुढचं मला पिंकीनं फोनवर सांगितलं. पुण्यात तालमीला आधी सगळं सुरुवातीपासून वाजवलं, आणि धम्मरत्न एकदाही चुकला नाही. मग वादकांपुढे उभं राहून हातानं ताल देणाऱ्या संचालकानं हात वर केला. "चौऱ्याऐंशीपासून." त्या कागदावर संगीताचे खण पाडलेले असतात आणि खणांना आकडे असतात. बाकीच्यांनी तिथून उचललं. धम्मरत्नला चौऱ्याऐंशी कुठे आहे तेच कळेना. त्याला धून पाठ होती, पण पहिल्यापासून. वंदना पाठ असलेल्या माणसाला मधलाच शब्द धरायला सांगा, तो मनात सुरुवातीपासून म्हणत येतो. तसा तो यायचा, आणि पोचेपर्यंत बाकीचे पुढे गेलेले असायचे. पण तालीम तशीच चालते. इथून घ्या, तिथून घ्या, परत मागून घ्या. संचालक वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे वेळ नव्हता. त्यानं मुंबईहून दुसरा ट्रम्पेटवाला बोलावला.

धम्मरत्नला मात्र ठेवून घेतलं. शूटिंग होणार होतं आणि ट्रम्पेटची रांग भरलेली दिसायला हवी होती. संचालक म्हणाला, "काका, तुम्ही बसा, बोटं हलवा. फक्त फुंकू नका."

आमच्याकडे याला डमी म्हणतात. वीस माणसांचा बॅण्ड ठरवायचा, वाजवणारे बारा न्यायचे. उरलेल्या आठ जागी मजुरांना लाल कोट चढवून हातात बाजा द्यायचा आणि गाल फुगवा म्हणायचं. अशा डमींना धम्मरत्ननं जन्मभर शिव्या घातल्या. आता तो नवा कोट घालून त्यांच्यासारखाच बसला. पोरीची नोकरी तिथे होती, उठून जायची सोय नव्हती.

"आईले सांगू नका," पिंकी मला म्हणाली.

तो परत यायच्या आधी त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. विहारात सत्कार झाला. शाल पांघरली तरी तो अवाक्षर बोलला नाही, आणि लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस! मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको लिलाबाई त्याला घेऊन दुकानात आली. तिला कार्यक्रम कॉम्प्युटरवर मोठा बघायचा होता. टाळता येईना, म्हणून मी लावला. ती घोडेस्वाराची धून आली, ट्रम्पेट वर चढला. लिलाबाई स्टुलावर पुढे सरकून बघत होती. धून संपली तेव्हा ती नवऱ्याकडे वळली.

"तुमी फुकत नव्हते."

"काहून म्हनतं असं?"

"तुमी फुकलं की मानेची शीर फुगते. अन् हा आवाज तुमचा नाही. मले तुमचा आवाज समजत नाही काय?"

धम्मरत्ननं पडद्याकडे बोट केलं. "लोकं लय गप बसले होते, पिंकीची माय," तो म्हणाला. "कोनी खोकललंबी नाही. सारे आयकत होते. म्याबी आयकतच बसलो."

लिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आता वाजवा. हे पाहा, मी गप बसली. मी आयकतो."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलं. धम्मरत्ननं कायम खांद्याला असणाऱ्या थैलीतून ट्रम्पेट काढला, ओठाला लावला आणि खाली घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू एकटीच आयकशीन. तेवढ्यानं आता माहं मन भरत नाही."

लिलाबाई उठली. "तीस वर्षं भाकरी थापता थापता मीच तं आयकून राह्यली होती," ती म्हणाली, आणि शटरखालून वाकून उन्हात निघून गेली. धम्मरत्न तिच्यामागे गेला नाही.