उरलेले तीन पारे

नेकनूरला खैरून आपांच्या पडवीत चार वाजता पोरं जमायची. दप्तर कोपऱ्यात भिरकावायचं, वुजू करायचं, म्हणजे हात-तोंड-पाय रीतीनं धुवायचे, आणि चटईवर बसायचं. धाकटी अरबी मुळाक्षरं घोकायची, मोठी कुराण वाचायची. मधेच आपा गोष्ट सांगत. सुलेमान पैगंबरांची फौज येताना बघून मुंगी बाकीच्या मुंग्यांना सावध करते, ती गोष्ट त्या मुंगी होऊनच सांगायच्या. एवढ्या जाडजूड बाई, पण पदर खोचून, कपाळावर दोन बोटांच्या मिश्या नाचवत पळायला लागल्या की पोरं हसून एकमेकांच्या अंगावर पडत.

"हसा," त्या धापा टाकत म्हणत. "बिळात शिरली म्हणून वाचली ती. तुमी गेले असते फौज बघायला."

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पोरांना शिकवणं एवढाच संसार. तोही दरसाल मोडायचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे ट्रक लागायचे आणि निम्मी चटई रिकामी व्हायची. लेकरं उन्हाळ्यात परतायची ती काळवंडून आणि सगळं विसरून. आपा परत अलिफ-बेपासून धरायच्या. कुराणाचे तीस भाग, तीस पारे. तोडकऱ्याच्या एकाही लेकरानं ते कधी पुरे केले नव्हते.

दस्तगीरच्या जैतूनचे तीनच उरले होते.

आईबाप उसाला जायचे, पण ही आजीपाशी गावात राहायची, म्हणून इथवर आली. त्या साली गावात केबल आली. गावात राहणारी पोरंही चार वाजता टीव्हीपुढं बसायला लागली. जैतून मात्र कधी चुकली नाही. आपांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की हिचं पुरं झालं की सगळ्यांना जर्दा, म्हणजे गोड केशरी भात, खाऊ घालणार. तिच्या आईला तर भेटेल तेव्हा म्हणायच्या, तुझी पोरगी लई हुशार हाय.

मग आजी वारली.

आपा दस्तगीरच्या घरी गेल्या. पोरीला हंगामभर माझ्याकडं ठेवा, खाणंपिणं माझं, म्हणाल्या. दस्तगीर मान खाली घालून ऐकत राहिला. त्याची बायको हलीमा पोटाशी तान्हं धरून बसली होती. शेवटी तीच बोलली.

"आपा, आमी दोघं कोयता चालवणार. ह्याला बांधावर कोण सांभाळंल? तुमी येताव?"

आपांनी तान्ह्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठल्या.

ट्रक निघायच्या दिवशी बिभीषण मुकादम हॉर्नवर हात ठेवून बसला होता. भांडी, सरपण, कोंबड्या, माणसं, सगळं वर चढलं. जैतून मात्र धावत पडवीत आली.

"आपा, माझं कुराण द्या. तिथं वाचते. तीनच ऱ्हायलेत."

"ठेवशील कुठं?"

"कोपीत."

कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, वाकून आत जायची. कुराण उंचावर ठेवायचं, त्याच्याकडं पाठ करायची नाही, वुजूशिवाय हात लावायचा नाही, हे आपांनीच तिच्या हाडात भिनवलं होतं.

"कोपीत उंच जागा कुठं हाय? पाणी कुठं हाय?"

"गळ्यात बांधते."

"अन् निजशील तवा?"

जैतूननं फडताळावरच्या पुस्तकाकडं बघितलं. बाहेर मुकादम ओरडला, "अय पोरी, तुझ्यापायी गाडी थांबवू का?"

आपा तिथंच उभ्या राहिल्या. पुस्तक फडताळावरून काढलं नाही.

जैतून वैशाखात आली. तळहात चिरलेले, आवाज बसका. वुजू करून बसली, आपांनी पान उघडून दिलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं. बोट हलेना. आपांनी पहिला शब्द सांगितला, मग दुसरा. शेजारचं चिमुरडं पोरगं न विचारता तिसरा म्हणालं.

जैतून उठली, त्या चिमुरड्यांच्या ओळीत जाऊन बसली. अक्षरांचं पुस्तक मांडीवर घेतलं. तासभर बसली, रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आपा बोलवायला गेल्या तर हलीमा दारातच म्हणाली, "पोरगी आता मोठी झाली. औंदा तिचा बी कोयता लावायचाय."

आपा परतल्या, पोरांचा त्या दिवशीचा सबक, म्हणजे धडा, घेतला. पुढंही घेत राहिल्या. पण त्यानंतर कुणाच्याच आईला, तुझी पोरगी लई हुशार हाय, असं त्या म्हणाल्या नाहीत.