दोन अर्धे डबे

काकांच्या टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा असे. दुसरा हवा असेल तर पहिल्याचं झाकण घट्ट लागे, तो कपाटात जाई, आणि मगच दुसरा बाहेर येई. टेबलाजवळ चहा नाही, फोन नाही, गप्पा नाहीत. मला तळघरात प्रवेश होता, पण उभ्याने, आणि हात मागे बांधून.

अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना काडतूसकाका म्हणत. मूळचे चंद्रपूरकडचे, एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन जुने झालेले. दर नोव्हेंबरला चार दिवस वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जात. त्यांची रायफल त्यांच्या गोऱ्या साहेबाने निवृत्त होताना दिलेली. ती इतकी जुन्या मापाची होती की तिची काडतुसं दुकानात मिळत नसत. म्हणून काका ती घरी भरत. रिकामी पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टिकली, आत पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, वर गोळी. मंडळाच्या पॉटलक जेवणाला कोणीतरी हमखास विचारे, "काका, यंदा फटाके तुमच्याकडूनच ना?" काका शांतपणे वाढून घेत आणि म्हणत, "फटाका फुटावा म्हणून करतात. माझं फुटू नये म्हणून करतात."

मी त्यांची शेजारीण. डेटा सेंटरच्या कामावर मॅनेजर, म्हणून ते मला मॅनेजरबाई म्हणत. वर्क व्हिसावर होते, अजून आहे. ग्रीनकार्डची रांग हलत नव्हती, त्यामुळे नोकरी बदलता येत नव्हती, आणि भारतात जाऊन यायचं म्हटलं तरी परतीच्या व्हिसा स्टॅम्पिंगची धास्ती. पहिल्याच दिवशी मी एक पुंगळी उचलायला गेले तर काका ओरडले, "हात मागे! कार्ड येईपर्यंत या टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. नियम विचारू नकोस, वाचून काढ." मी वाचून काढला: वर्क व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला किंवा काडतुसांना हात लावणं इथल्या कायद्यात सहसा बसत नाही. त्यानंतर हात मागेच राहिले.

"पावडर ती पावडर, त्यात निवडायचं काय?" असं मी एकदा म्हटलं. काकांनी झाकण लावलं आणि मगच तोंड उघडलं. "कापूरही जळतो, गोवरीही जळते. कापरावर भात शिजवशील?" पिस्तुलाची पावडर भसकन जळते, ती या रायफलीत घातली तर रायफलच फुटेल. जड गोळीला हळू जळणारी पावडर लागते; ती गोळीला ढकलत नेते, टोला मारत नाही. पुंगळी बऱ्यापैकी भरली पाहिजे. माप छापील पुस्तकातलंच, सुरुवात खालच्या आकड्यापासून, आणि थोडीथोडी काडतुसं नेमबाजीच्या रेंजवर उडवून बघत बघत वर जायचं. शिवाय नोव्हेंबरची थंडी. काही पावडरी उन्हाळ्यात गुणी असतात आणि गारठ्यात मंदावतात. "रुसायला घरात मी आहे तेवढा पुरे," काका म्हणत. एका अख्ख्या उन्हाळ्यात त्यांना मनासारखी पावडर सापडली. नंतर ती दुकानांतून गायबच झाली. काकांकडे अर्धा डबा उरला होता आणि तो ते पुरवून वापरत.

काकूंची सवय वेगळी, पण आपल्या सगळ्यांच्या घरातली. रिकामी बरणी टाकायची नाही. पीनट बटरच्या बरणीत मोहरी, लोणच्याच्या बरणीत रवा, आणि प्रत्येकीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी. स्वतः शाकाहारी, पण हरणाच्या रश्श्याचं वाटण त्यांचंच. मग त्यांना विसरण्याचा आजार जडला. हात भरत राहिले, चिठ्ठ्या थांबल्या. रवा समजून मी एकदा डिटर्जंट परतायला घेतला होता.

आजार वाढला तसं घर आवळत गेलं. बाहेरच्या दारांना वरच्या बाजूला कड्या आल्या, दार हललं की वाजणारी घंटी आली, गॅसची बटणं काढून ठेवली गेली. काका दिवसभर काकूंच्या दोन पावलं मागे. मंडळ सुटलं, पत्ते सुटले, रेंज सुटली. उरले ते नोव्हेंबरचे चार दिवस, कारण तेव्हा मुलगा टेक्सासहून येऊन आईजवळ राही. "ते चार दिवस आहेत म्हणून बाकीचं वर्ष निघतं," असं काका एकदा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावं तसं.

त्या सप्टेंबरात काका खाली काडतुसं भरायला बसले होते. कपाट उघडं, टेबलावर एक डबा. वर काकूंच्या डॉक्टरांचा फोन वाजला. काका धावत वर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कपाटाला कुलूप लावायचं राहिलं. मी साबुदाण्याची खिचडी द्यायला आले तेव्हा सिंकशेजारी पावडरचे दोन डबे स्वच्छ धुऊन पालथे घातलेले होते. ओट्यावर पीनट बटरची बरणी, काळ्या करड्या दाण्यांनी काठोकाठ भरलेली. एक डबा काकांच्या हळू जळणाऱ्या पावडरीचा, दुसरा रेंजवरच्या मित्राने दिलेल्या भसकन जळणाऱ्या पावडरीचा.

"दोन अर्धे डबे कशाला अडवायचे?" काकू समाधानाने म्हणाल्या.

काका फोन ठेवून आले, त्यांनी बरणीला झाकण लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, भिंग घेऊन वेगळी करता येईल का? किंवा थोडी कमी भरा."

"डोळ्याने पावडर ओळखणारे लोक असतात," काका म्हणाले. "त्यांची बोटं मोजून बघ. आणि कमी म्हणजे सुरक्षित असंही नसतं, बाई. खालच्या मापालाही मर्यादा असते."

संध्याकाळी त्यांनी ती बरणी मागच्या हिरवळीच्या कडेने पातळ पसरून टाकली. तशीच टाकायची असते. उघड्यावर ती खतासारखी जिरते. काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, मोहरी काय पेरताय?"

बाजारात दुसरी एक पावडर होती, पुस्तकात तिचं माप होतं. पण पुन्हा पहिल्यापासून: खालचा आकडा, रेंज, बघणं, पुन्हा रेंज. मी हिशेब मांडला. शनिवारी काकूंजवळ मी बसेन, काका रेंजवर जातील, नोव्हेंबरच्या आत जमेल. काका लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मीच दचकले.

पहिल्या शनिवारी काकू दारापाशी उभ्या राहिल्या. कडी त्यांच्या हाताला लागत नव्हती. त्या मूठ हलवत, घंटी वाजे, त्या मला विचारत, "हे कुठे गेले?" मी सांगे. पुन्हा मूठ, पुन्हा घंटी. बसवलं तरी उठत. काका ठरल्यापेक्षा बरेच लवकर परतले.

"काही त्रास?"

मी गुळमुळीत बोलत नाही. "दारापाशीच होत्या. पूर्ण वेळ."

"आणि मी तिथेच काडतुसं भरत होतो, तर एका पुंगळीत पावडर घातली की नाही तेच विसरलो," काका म्हणाले. "सगळी ओतून परत आणली. मन घरी ठेवून पावडर मोजायची नसते."

"पुढच्या शनिवारी जमेल."

"नाही जमणार. शिवाय ज्या घरात ओतणारा हात आहे त्या घरात पावडर नको."

मी वाद घातला; मला वाद घालता येतो. त्यांच्या प्रत्येक नियमाला उत्तर शोधलं. पण ते नियम त्यांचे हात शाबूत ठेवत आले होते, आणि आता तेच चारी बाजूंनी कड्या घालत होते. काका त्यातला एकही मोडायला तयार नव्हते. आठवड्याभरात रेंजवरचा मित्र येऊन रायफल, काडतुसं भरायचा प्रेस, तराजू, सगळं रीतसर घेऊन गेला. मुलाला त्यांनी कळवलं, यंदा येऊ नकोस. नोव्हेंबर आला आणि गेला. काका काकूंच्या दोन पावलं मागे होते.

पुढच्या जूनमध्ये मुलगा दोघांना टेक्सासला न्यायला आला. मी सामान बांधायला गेले. काकू ओट्यावर दोन अर्ध्या बरण्या एक करत होत्या. यावेळी खरंच मोहरी होती. काका मागच्या खिडकीशी उभे होते. हिरवळीच्या कडेने गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद, दाट वाढला होता. त्या पट्ट्यावर एक हरणी आणि तिचं पाडस मान खाली घालून चरत होती.

काकू खिडकीशी आल्या आणि काचेवर थाप मारून म्हणाल्या, "हाड! हाड!" हरणीने मान वर केली, काचेआडच्या आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

"बघ मॅनेजरबाई," काका म्हणाले. "पावडर बरोबर निवडली होती. हरणं आली."