गोठ्यातली काळी मूर्ती आणि सुतकातलं तेल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. उभा जन्म एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेला. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी चालतो. तरी हे लिहितोय...

माझी ताई उंद्रीला असते. भाऊजी आफ्रिकेत, गॅबॉनला, लाकडाच्या कारखान्यात होते. येताना त्यांनी तिथल्या फांग लोकांची एक लाकडी मूर्ती आणली — ठेंगणी, काळी, मोठ्ठं कपाळ, हात पोटाशी. ते लोक म्हणे वाडवडिलांची हाडं झाडाच्या सालीच्या डब्यात ठेवत, राखणीला वर अशी मूर्ती बसवत आणि तिला तेल चोळत. गोऱ्यांनी मूर्त्या तेवढ्या म्युझियममध्ये नेल्या, हाडं टाकून दिली. हे सांगताना भाऊजी जाम चिडायचे. ताईला मात्र ते ध्यान घरात नको होतं, म्हणून गोठ्यातल्या फळीवर पडलेलं असायचं.

भाऊजी अचानक गेले. मुलगा परदेशातून यायचा होता. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून गाठोडं गोठ्यातच आढ्याला टांगलं — नेमकं त्या फळीच्या वर. दुसऱ्या दिवशी बघतो तर मूर्ती तेलानं थबथबलेली!

मी पुसली. गोठ्याला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी पुन्हा तेच... माझं डोकंच फिरलं. भावकीनं पाहिलं असतं तर बाईनंच नवऱ्यावर करणी केली म्हणून गावभर बोभाटा झाला असता.

"ताई, खरं सांग. तेल तूच लावून राह्यली ना?"

"मी?" ती कडाडली. "सुतकात भाजीले फोडणी नाही, डोक्याले तेल नाही, अन् त्या बाहुलीले लावीन? माह्या पाठचा भाऊ ना रे तू!"

तेलाचा डबा खरंच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलेला होता. तरी माझा संशय काही गेला नाही.

भाचा आला, अस्थी पैनगंगेत सोडल्या. त्या दिवसापासून मूर्ती कोरडी ठाक!

पुढे नागपूरच्या एका म्युझियममधल्या मॅडमना ती दाखवली. मूर्ती लाटायचा डाव असेल म्हणून मी कान टवकारून बसलो. त्या म्हणाल्या, जुन्या मूर्तींतून अजूनही तेल पाझरतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं मुरलेलं असतं. मी म्हटलं, चला, सुटलो! मग त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"ही नवीन आहे, बाजारात विकायला केलेली. नुसतं काळं पॉलिश. हिच्या लाकडात तेलाचा थेंब नाही."

ताईला सांगितलं. तिनं मूर्ती माझ्या हातातून घेतली.

"तू माह्यावर पाळत ठेवली," ती म्हणाली. "तिनं त्यायची राखण केली."

मूर्ती तिनं घरात नेली. ते तेल कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. उंद्रीला गेलो की ताई 'ये' म्हणते... 'बस' म्हणत नाही.