तीन मित्रांची कॅसेट

नव्वदच्या दशकात ओमानहून घरी फोन लागला, तरी "ऐकू येतंय का?" म्हणेपर्यंत लाइन जायची. म्हणून आम्ही कॅसेटवर बोलायचो आणि भारतात निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत ती कोंबायचो.

माझ्या कॅसेटी ऐकायला पुण्यात अर्धी सोसायटी जमे. का नाही जमणार? त्यांत मी मस्कतच्या समुद्रात देवमाशाला हातवारे करून रिव्हर्स घ्यायला लावला होता. दर शुक्रवारी सहलीला माझे तीन मित्र असत: एक नागपूरकर, एक सोलापूरकर आणि एक सदा उपाशी इंजिनिअर. तिघंही मीच जन्माला घातलेले. मस्कतमधल्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये माझ्याखेरीज आवाज करणारा फक्त एसी होता.

मग बायकोचं पत्र आलं. "तुम्हाला तिथं इतकी माणसं आहेत, जीव भांड्यात पडला. मग आम्ही जूनमध्ये यायची घाई कशाला? लेकीची दहावी इथेच होऊ दे, दोनच वर्षं. थांबू नका म्हणत असाल तर येतो. कॅसेटवर सांगा. आणि त्या तिघांचे आवाज तरी ऐकू द्या."

दोनच वर्षं!

वरच्या मजल्यावरचे शेजारी शनिवारी पहाटे पुण्याला निघणार होते. शुक्रवारी उजाडताच मी टेपरेकॉर्डरला बाजूच्या सीटवर पट्टा बांधला आणि कंपनीची जीप बातिनाच्या किनारी रस्त्याला लावली. ठरवलं होतं, आज सरळ म्हणायचं, "या."

पण तोंड माझंच ना! एका चौकात घराएवढी कॉफीची किटली बांधलेली दिसली, आणि आम्ही चौघांनी ती रिकामी केल्याचं मी सांगून टाकलं. नागपूरकर होऊन हसलो, इंजिनिअर होऊन सँडविच मागितलं. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये मी एकटा चौघांचा गोंगाट करत होतो. सोलापूरकर मात्र काही केल्या जमेना.

खाबुऱ्याला मासेमारीच्या जाळ्यांचं एक दुकान उघडं होतं. मालक रत्नागिरीकडचे, साठी उलटलेले. मराठी ऐकून त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चाचा, दोन मिनिटं माझे सोलापूरचे मित्र व्हा. एवढंच म्हणा, वहिनी, काळजी करू नका, आम्ही आहोत."

"त्यात काय! लाव तुझी मशीन."

मी बटण दाबलं. त्यांनी घसा साफ केला. "सलाम, वहिनी. तुमच्या साहेबाबरोबर कोणी नाय. एकटाच आलाय. मी पण बायकोला असंच सांगायचो, मजेत हाय, दोस्त हायत. तिनं खरं मानलं. बावीस वर्षं झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खलास. चहा पी, गार होतोय."

मी हसलो. फार मोठ्याने हसलो, आणि किनारा सोडून जीप डोंगराकडे वळवली.

डोंगरातला कच्चा रस्ता संपला तेव्हा पुढे नुसतं सपाट वाळवंट होतं, खडीचं, क्षितिजापर्यंत. इथे बढाई मारायलाही काही नव्हतं. इंजिन बंद केलं. टेप मागे नेली, ऐकली. चाचांचा आवाज पुसायला एक मिनिट पुरलं असतं. बोट बटणावर ठेवून बसलो. नागपूरकराला हाक मारून पाहिली. घशातून आलाच नाही.

शेवटी चाचांचं बोलणं संपतं तिथून पुढे रेकॉर्डचं बटण दाबलं. इतकी बडबड करणारा मी, मला एवढंच सुचलं: "अगं, हे सोलापूरचे नाहीत. सोलापूरचं कुणी नाहीच. जूनमध्ये या."

संध्याकाळी शेजाऱ्यांचं दार वाजवलं. वहिनी बॅगेवर बसून चेन ओढत होत्या. "काय हो भाऊजी, या वेळी कुठली थाप?" त्यांनी विचारलं. मी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली आणि परत मागायची बुद्धी व्हायच्या आत धडाधड जिना उतरलो.